बार्शीचं ताट आणि मुंबईचा समुद्र

एकतीस वर्षं मी आठवी-नववीला विज्ञान शिकवलं. दरवर्षी जास्वंदीचं पान स्पिरिटमध्ये उकळायचं, त्यातलं हरितद्रव्य उतरवायचं, पांढरं पडलेलं पान पोरांना दाखवायचं. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं आणि ते नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, पाण्यात तरंगणारे वनस्पतीप्लवक करतात, हे वाक्यही दरवर्षी फळ्यावर लिहायचं. प्रत्यक्षात समुद्र मी पाहिला होता तो सहलीतल्या पोरांची डोकी मोजत. निवृत्तीनंतर भाचीचा फोन आला. ती मुंबईत असते, समुद्रातल्या हरितद्रव्यावर तिचा एम. एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. म्हणाली, "मावशी, फेब्रुवारीत ये, भांगाच्या, म्हणजे अष्टमी-नवमीच्या दिवसांत ये, आणि येताना एक पांढरं ताट घेऊन ये."

ताटाची गोष्ट अशी. १८६५ साली आंजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने, जो खरं तर खगोलशास्त्रज्ञ होता, पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलवर दिसेनाशा होतात ते मोजलं. पाणी किती स्वच्छ आहे हे सांगायची ही रीत अजून चालते. समुद्रात ३० सेंटिमीटरची पांढरी तबकडी वापरतात. आमच्याकडे लग्नातलं तेवढंच एक ताट होतं. त्याला बार्शीतल्या रंगवाल्याकडून पांढरा ऑइलपेंट मारून घेतला, मधोमध भोक पाडून नायलॉनची दोरी ओवली, खाली किराणा दुकानातलं जुनं किलोचं वजन बांधलं आणि दोरीवर दर अर्ध्या मीटरला लाल नेलपॉलिशची खूण केली. हे सगळं बघून आमचे हे म्हणाले, "लोक मुंबईला सिद्धिविनायकाला जातात. तू ताट बुडवायला चाललीस."

पहिला दिवस : वर्सोवा

कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर, पहाटे दादर, तिथून लोकलने अंधेरी. जेवून थोडं पडलो आणि चारच्या सुमारास वर्सोव्याच्या जेट्टीवर. पलीकडे मढ, मध्ये खाडीचं तोंड, आणि लोकांना इकडून तिकडे नेणारी फेरीबोट. मावळतीच्या उन्हात बोटींवरचे झेंडे फडफडत होते आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास कपड्यांत शिरत होता. हे माळकरी आहेत. त्यांनी उपरणं नाकाला लावलं आणि ते शेवटपर्यंत काढलं नाही.

जेट्टीच्या टोकाला जाऊन मी ताट सोडलं. पहिली खूण पाण्यात जायच्या आतच ते गायब. परत वर घेतलं, परत सोडलं. चाळीस सेंटिमीटर! आमच्या बार्शीच्या हौदात पाच रुपयांचं नाणं तळाशी दिसतं.

शेजारी टोपलीवर बसलेली कोळीण मघापासून बघत होती. "काय गो बाय, ताट धुवतंस काय?" तिला सगळं सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली की भांग आहे म्हणून एवढं तरी दिसलं, उधाणाला आली असतीस तर तुझा हातपण दिसला नसता. हे मला माहीत नव्हतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याची ओढ जोरात असते, ती तळाचा चिखल उचलते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी संथ असतं, गाळ खाली बसायला सवड मिळते. भाचीने फोनवर भांगाचे दिवस सांगितले होते ते यासाठी.

"मग हे पाणी हिरवट दिसतंय ते हरितद्रव्यामुळेच ना?" मी विचारलं. भाची हसली. म्हणाली, इथेच उपग्रह फसतो. उपग्रह वरून रंग बघतो. हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्लवक वाढले की परत येणाऱ्या प्रकाशात निळा कमी होतो आणि पाणी हिरव्याकडे झुकतं. या निळ्या-हिरव्याच्या प्रमाणावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधतात. १९७८ साली अमेरिकेच्या निंबस-७ वर असं पहिलं उपकरण गेलं, आपला ओशनसॅट-१ १९९९ च्या मे महिन्यात. खोल समुद्रात हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. पण खाडीच्या तोंडाशी चिखलही आहे, कांदळवनातून झिरपलेलं चहाच्या रंगाचं पाणीही आहे आणि शहराचं सांडपाणीही. निळा प्रकाश हे सगळेच खातात. वरून पाहणाऱ्याला चोर कोण ते कळत नाही.

रात्री जुहूच्या वाळूत तासभर बसलो. २०२० च्या नोव्हेंबरात इथल्या लाटा निळ्या चमकल्या होत्या, त्याचे व्हिडिओ आमच्या शाळेच्या ग्रुपवरही आले होते. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाची. आम्हाला फक्त भेळवाल्याचे दिवे दिसले. भेळ मात्र झकास होती, कैरी घातलेली.

(कोणाला ताट घेऊन यायचं असेल तर : पंचांगात अष्टमी बघा, भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात जा, आणि ताट बोटीच्या किंवा जेट्टीच्या सावलीच्या बाजूला सोडा. पाण्यावरची चमक डोळ्यांत गेली की आकडा चुकतो. गॉगल काढा. ताट दिसेनासं झालं तो आकडा आणि वर ओढताना परत दिसलं तो आकडा, दोन्हींची सरासरी घ्या.)

दुसरा दिवस : गेटवे ते मांडवा

या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी सिद्धिविनायक, कारण घरात शांतता हवी होती. मग गेटवेहून मांडव्याची लाँच. सीगल इतके जवळ आले की ह्यांच्या हातातला कुरमुरा एकाने बोटासकट ओढला. चालत्या लाँचवरून ताट सोडायचा प्रयत्न केला आणि खलाशाचा ओरडा खाल्ला. बरोबरच होतं त्याचं. मांडव्याच्या धक्क्यावरून मोजलं, सत्तर सेंटिमीटर. वर्सोव्यापेक्षा बरं, एवढंच.

संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर जाऊन दुसऱ्या दिवशीची बोट पक्की केली. हौशी गळवाल्यांना दिवसभर बाहेर नेणारी ती बोट होती. मासेमारीच्या ट्रॉलरवर पाहुण्यांना नेत नाहीत, त्या वाटेला जाऊ नका. ओळखपत्राच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवा, लाइफ जॅकेट मोजून घ्या. आगाऊ पैसे देऊन घरी आलो आणि नऊलाच झोपलो.

तिसरा दिवस : बोट रद्द

पहाटे साडेचारला धक्क्यावर पोचलो, तर बोट जाणार नाही असं कळलं. आदल्या रात्रीच ठरलं होतं म्हणे, आम्हाला कळवायचं कोणीतरी विसरलं. मी शाळेतल्या आवाजात दोन वाक्यं बोलले. समोरच्याने उद्याचा शब्द दिला आणि चहा पाजला. उत्तरेकडून कोरडा, गार वारा सुटला होता. बार्शीत सुटतो तसाच, फक्त इथे त्याला खारट वास.

टॅक्सीत मी चरफडत होते, तर भाची म्हणते, "मावशी, ह्या वाऱ्याला शिव्या देऊ नकोस. माझ्या प्रकल्पाचा हिरो आहे तो."

तर पूर्ण दिवस तिच्या दोन खोल्यांत गेला. खरं सांगू? सहलीतला सगळ्यात चांगला दिवस हाच.

सकाळी तिने लॅपटॉप उघडला. जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाचे यांत्रिक तरंगक सोडलेले आहेत, चारेक हजार. माणसाएवढी नळकांडी. एक हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि वाटेत घेतलेली मापं उपग्रहाला सांगतात. बहुतेक फक्त तापमान आणि क्षारता मोजतात. काहींवर मात्र हरितद्रव्य, प्राणवायू, नायट्रेट मोजायचीही सोय असते. भाची त्यांच्या आलेखांवर काम करते. प्रत्येक आलेख उभा : वर पृष्ठभाग, खाली खोली, आणि मधून वाकडीतिकडी जाणारी एक हिरवी रेघ.

पहिला आलेख दक्षिण प्रशांत महासागरातला, ईस्टर बेटाच्या बाजूचा. जगातलं सगळ्यात नितळ समुद्रपाणी तिथे आहे. हिरवी रेघ पृष्ठभागावर जवळजवळ शून्याला चिकटलेली. खाली, आणखी खाली, तरी काही नाही. आणि मग १८० मीटरच्या आसपास एकदम पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. राजाबाई टॉवर ८५ मीटर आहे. दोन टॉवर एकावर एक उभे केले तरी त्या हिरव्याशी पोचायला थोडं कमीच पडेल!

मी म्हटलं, उलट आहे हे. ऊन वर आहे, तर हिरवळ वर हवी.

"मावशी, ऊन वर आहे, पण खत खाली आहे."

वरच्या उन्हाळलेल्या पाण्यातलं नायट्रेट प्लवकांनी कधीच संपवलेलं असतं. गरम पाणी हलकं, ते वर झाकणासारखं बसतं आणि खालचं गार, खताने भरलेलं पाणी वर येऊ देत नाही. खाली जावं तर उजेड संपतो. मग ह्या दोन टंचाईंच्या मधल्या पट्ट्यात, जिथे थोडा उजेड आहे आणि थोडं खतही हाताला लागतं, तिथे हिरवं साठतं. बर्म्युडाजवळ आणि हवाईजवळ वर्षानुवर्षं मोजणी चालू आहे. तिथेही हा पट्टा साधारण शंभर मीटरच्या आसपास सापडतो. तो निव्वळ निळ्या, अंधुक उजेडात जगतो. लाल प्रकाश पाणी वरच्या वरच गिळतं, निळा तेवढा खोल जातो.

पुढे तिने जे सांगितलं त्याने मी खुर्चीत सरळ बसले. म्हणाली, खाली हरितद्रव्य जास्त म्हणजे प्लवक जास्त असं समजू नकोस. तिच्या बाल्कनीत दोन मनीप्लांट होते. उन्हातल्याची पानं पिवळट, कपाटामागच्याची काळपट हिरवी. उजेड कमी पडला की झाड प्रत्येक पानात जास्त हरितद्रव्य भरतं, मिळेल तो कण पकडायला. समुद्रातल्या पेशीही तेच करतात. त्यामुळे त्या नितळ समुद्रांतला खोलवरचा हिरवा पट्टा बऱ्याच अंशी पेशींच्या गर्दीचा नसतो, एकेका पेशीच्या गडदपणाचा असतो. एकतीस वर्षांत हे मी एकदाही शिकवलं नाही.

मग तिने एकामागून एक आलेख दाखवले. उत्तर अटलांटिकचा वसंत : वरपासून खालपर्यंत सगळा थर भरून हिरवा, पोट-बिट काही नाही, कारण हिवाळ्याच्या वादळांनी खत नुकतंच वर आणलेलं. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र : खत भरपूर, पण लोह नाही, म्हणून हिरवं बेताचंच. बंगालचा उपसागर : गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड पाण्याचं झाकण वर, त्यामुळे वरचा थर उपाशी आणि हिरवं खाली. एखादं चक्रीवादळ ते झाकण फोडतं तेव्हा पृष्ठभाग काही दिवस हिरवा होतो.

आणि आपला अरबी समुद्र. हा दर ऋतूला वेष बदलतो. पावसाळ्यात सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला वारा वरचं पाणी लोटून नेतो, खालचं वर येतं, हिरवाई भडकते. एप्रिल-मेमध्ये वारा पडतो, वरचं पाणी तापतं, पृष्ठभाग निळाशार होतो आणि हरितद्रव्य चाळीस-साठ मीटरवर जाऊन बसतं. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा कोरडा, गार वारा वरच्या पाण्याची वाफ काढतो, पाणी थंड आणि जड होऊन बुडतं, त्याच्या जागी खालचं खतवालं पाणी वर येतं. सगळं ढवळून निघतं. उत्तर अरबी समुद्र डिसेंबर ते फेब्रुवारी हिरवा असतो तो त्यामुळे. आज पहाटे आमची बोट ज्याने अडवली, त्याच वाऱ्याचं हे काम.

अरबी समुद्राच्या एका आलेखात हिरव्या रेघेला दोन पोटं होती. खालचं शंभर मीटरच्या आसपास, जिथे पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपलेला. तिथे प्रोक्लोरोकॉकस नावाचे अतिसूक्ष्म जीव असतात, १९८० च्या दशकापर्यंत कोणाला माहीतही नव्हते. त्यांचं हरितद्रव्यही जरा वेगळ्या घडणीचं, निळ्या प्रकाशाला सोयीचं. ह्यांनी विचारलं, "उपग्रहाला हे दुसरं पोट दिसतं?" भाची म्हणाली, "काका, पहिलंही नीट दिसत नाही." प्रकाश जिथवर पोचतो त्या थराचा वरचा पाचवा भाग, साधारण तेवढाच उपग्रहाच्या वाट्याला येतो. वर निळं दिसलं की नकाशात वाळवंट रंगवलं जातं, आणि हिरवं खाली असतं. म्हणून खालच्या रेघेचा आकार वरच्या आकड्यावरून ओळखायचे आडाखे लोकांनी हजारो मोजण्यांवरून बसवले आहेत.

दुपारी पालकाचं वरण करायचं होतं. मी चार पानं बाजूला काढली, कुस्करली, भाचीने तिच्याकडच्या ॲसिटोनमध्ये भिजवून गाळून दिली. गडद हिरवं पाणी. पडदे ओढले आणि तिने नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा झोत त्यावर मारला. पाणी लाल झालं! रक्तासारखं, काठाकाठाने पेटलेलं. हे चष्मा पुसून परत बघायला आले. हरितद्रव्याने निळा-जांभळा प्रकाश घेतला की त्यातला थोडा ते लाल करून परत टाकतं. तरंगकावरचा मापक हेच करतो, निळी उघडझाप करतो आणि लाल किती परत आलं ते मोजतो. पण तोही फसतो. भर दुपारी पृष्ठभागाजवळच्या पेशी जादा ऊन उष्णता करून फेकून देतात, तेव्हा लाल कमी येतं आणि हरितद्रव्य असूनही नसल्यासारखं दिसतं. शिवाय हे मापक मुळात फुगवून सांगतात, सरासरी दुपटीच्या आसपास, म्हणून आकडा भागून घ्यावा लागतो. भाचीचे सहा महिने ह्या भागाकारात गेले आहेत.

"किती असतं पण हे हरितद्रव्य?" ह्यांनी वरणाचा वाडगा पुढे करत विचारलं. मी कागद घेतला. पालकाच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने एक मिलिग्रॅम. हिवाळ्यातल्या अरबी समुद्राच्या हजार लिटर पाण्यातही मिलिग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पालकाचा एक लहानसा तुकडा. आणि ईस्टर बेटाजवळच्या पृष्ठभागावर? तोच तुकडा पन्नास टाक्यांत वाटायचा. ह्यांनी वाडग्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग आपण आत्ता एक तळं जेवलो."

(घरी करायचं तर : ॲसिटोन किंवा स्पिरिट गॅसपासून लांब ठेवा, खिडकी उघडी ठेवा, टॉर्च डोळ्यांवर मारू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालतो, पण बिनरंगी आणि ॲसिटोनवाला हवा.)

चौथा दिवस : समुद्र

वारा पडला होता. पाचला भाऊचा धक्का सोडला. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, साठीचा, उरणकडचा, कानावर विडी. बरोबर दोन खलाशी आणि चार हौशी गळवाले. ते सगळा वेळ रिळांबद्दलच बोलत होते, त्यांना आमच्या ताटाचं आणि आम्हाला त्यांच्या गळांचं काही नव्हतं.

अंधारात बोटीच्या मागे पाण्यात ठिणग्या उडत होत्या. मोजून दहा-पंधरा. तांडेल म्हणाला, "पानी पेटतंय. आता थोडाच हाय, कवा कवा सगला दर्या पेटतो." जुहूला तासभर बसून जे दिसलं नाही ते इथे असं फुकट.

प्रॉंग्जचं दीपगृह मागे पडलं, डावीकडे खांदेरीचा दिवा विझला आणि उजाडलं. पाण्याचा रंग मी अर्ध्या-अर्ध्या तासाने वहीत लिहीत होते : चहा, उसाचा रस, कच्ची कैरी, आणि साडेआठला पहिल्यांदा "हिरवट निळा". वीस सागरी मैलांवर तांडेलाने इंजिन बंद केलं. "पंधरा वाव." वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं, सहा फूट. सत्तावीस मीटर झाले. इतक्या लांब येऊन एवढंच खोल! मुंबईसमोरचा तळ फार सावकाश उतरतो. मुंबई हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहेत, तरी तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास. काल पाहिलेले हवाई-बर्म्युडाचे हिरवे पट्टे मुंबई हायच्या तळाच्याही खाली बसले असते.

ताट सोडलं. एक, दोन, तीन. ताट हिरव्या चंद्रासारखं लहान होत गेलं. चौथ्या मीटरला दोरी तिरकी व्हायला लागली. तांडेल उठला. "मास्तरीनबाय, वजन कमी हाय. दोरी तिरकी म्हंजे हिशोब खोटा." त्याने जाळ्याचं शिसं आणून किलोच्या वजनाशेजारी बांधलं. एकशेसाठ वर्षांपूर्वी त्या पाद्र्यालाही कोणा खलाशाने हे सांगितलं असणार. परत सोडलं. दोरी हे धरून होते, उपरणं आज कमरेला. पाच, सहा, सात, आणि साडेसातला गेलं. वर्सोव्याच्या जवळजवळ एकोणीस पट. ताट जिथे दिसेनासं होतं त्याच्या अडीच-तीन पट खोलीपर्यंत प्लवकांना पुरेल इतका उजेड पोचतो असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे इथे जवळपास तळापर्यंत.

आता माझी परीक्षा. खालचं पाणी आणायला मी शाळेतली युक्ती केली होती : काचेची बाटली, तळाला वजन, तोंडाला बूच, बुचाला वेगळी सुतळी. बाटली हव्या त्या खोलीवर गेली की सुतळीला हिसका, बूच निघतं, पाणी भरतं. पृष्ठभाग, आठ मीटर, वीस मीटर. वीस मीटरला बूच निघेना, सुतळी तुटली, बाटली रिकामी वर आली. दुसऱ्यांदा जमलं. भाचीने प्रत्येकातलं एकेक लिटर पाणी सिरिंजने काचतंतूच्या छोट्या गोल गाळणकागदातून दाबून काढलं. हात दुखून येतात. तिन्ही कागदांवर फिकट हिरवट-तपकिरी डाग उमटला. मी ते ओळीने मांडले. खालचा गडद निघणार अशी माझी खात्री होती, काल सगळं जग तसंच पाहिलं होतं.

तिन्ही सारखे. अगदी सारखे.

माझा चेहरा पडला असावा. भाची म्हणाली, "अगं, बरोबर आलंय. फेब्रुवारी आहे. वरपासून तळापर्यंत एकच पाणी आहे हे." तिने थर्मामीटर बाटल्यांत घातला : वर आणि वीस मीटरवर फरक जेमतेम काट्याच्या जाडीचा. वाऱ्याने वरण ढवळून ठेवलं होतं, डाळ तळाला बसलीच नव्हती.

तांडेल हे सगळं ऐकत होता. त्याच्याकडे मोबाइलवर मासळी कुठे सापडेल याचा संदेश येतो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून निघतो तो, उपग्रहाने पाहिलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून. उपयोग होतो का, मी विचारलं. म्हणाला, होतो, डिझेल वाचतं. पण संदेश वरच्या पाण्याचा. त्याने फिशफाइंडर दाखवला. पडद्यावर मध्यभागी धुरकट पट्टा. "दिवसा ह्यो खाली जातो, रात्री वर येतो." तो पट्टा वनस्पतीप्लवकांचा नाही, त्यांना खाणाऱ्यांचा : लहान कोळंबीसारखे जीव आणि त्यांच्या मागची मासळी. हिरवं वर चरायचं तर रात्री, दिवसा माशांच्या नजरेपासून खाली. त्याला हे शाळेविना ठाऊक होतं, म्हणून तो जाळं कितव्या वावाला लावायचं हे वेळ बघून ठरवतो.

जेवण बोटीवरच. त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, आमच्याकडे सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मी जवळा खाल्ला, ह्यांनी समुद्राकडे बघून घेतलं. शेंगाची चटणी मात्र तांडेलाने अशी लावली की शेवटी डबाच त्याला देऊन टाकला. गळवाल्यांना दोन मासे मिळाले, लहान. दुपारनंतर वारा परत चढला आणि येताना मी आणि दोन गळवाले ओळीने कठड्याला टेकलो होतो. त्याचं वर्णन नको.

(उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, निघाल्यावर नाही. उपाशी पोटी जाऊ नका. दोरीला हातमोजे हवेत, ह्यांच्या तळहातावर अजून वळ आहे.)

पाचवा दिवस आणि नंतर

सकाळी परत वर्सोव्याला गेलो, कारण त्या कोळणीला आकडा सांगायचा होता. साडेसात मीटर ऐकून तिने टोपलीतून सुके बोंबील काढून कागदात बांधले आणि पैसे घेईना. "तेवरं तर दिसनारच. तिथं आमचा चिखोल नाय ना!" रात्री दादरहून गाडी. बोंबलांचा पुडा ह्यांच्या सीटपासून सगळ्यात लांब ठेवला, तरी डब्यात तीन जणांनी विचारलंच.

गाळणकागद मी वहीत दाबून आणले होते. भाचीने बजावलं होतं, अंधारात आणि गारव्यात ठेव, ऊन लागलं की हरितद्रव्य मोडतं. प्रयोगशाळेत ते अतिथंड ठेवतात. मी फ्रीजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी ठेवले. आठ दिवसांनी उघडले तर तिन्ही डाग वाळलेल्या पानाच्या रंगाचे झाले होते, पण अजूनही एकमेकांसारखेच.

आता भाची म्हणते मेमध्ये ये. वारा पडलेला असेल, पाण्याचे थर पडलेले असतील, वरचं आणि खालचं वेगळं निघायची शक्यता आहे. तिने हेही सांगितलं की खरं खोलवरचं हिरवं बघायचं तर खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या ह्या उथळ तळाच्या, पलीकडे जावं लागेल, आणि तिथे ताटवाल्या मास्तरणीला कोणी नेणार नाही. चालेल. ह्यांनी परवा स्वतःच किराणा दुकानात जाऊन दोन किलोचं वजन आणलं आणि सुतळीच्या जागी मासे धरायची तंगूसदोरी घेतली. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यातली अष्टमी धरली आहे. सिद्धेश्वरचं तिकीट काढलं, वेटिंग चौदा.